तीनशे एचपीची चिठ्ठी

आमच्या शोरूममध्ये नवी गाडी ताब्यात देण्याचा एक क्रम ठरलेला आहे. गाडीवर लाल कापड घालून ठेवायचं. घरची सगळी माणसं आली की कापड ओढायचं, टाळ्या वाजवायच्या. मग हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, नारळ. शेवटी हातभर लांब पुठ्ठ्याची किल्ली हातात देऊन फोटो. सह्यांचा कागद येतो तो नारळ आणि फोटो यांच्या मधल्या वेळात. तेव्हा ग्राहकाच्या एका हातात पेढा असतो, मुलं आत शिरून हॉर्न वाजवत असतात आणि बायको म्हणत असते, "अहो, इकडे बघा ना." कागदावर चौदा मुद्दे आहेत, प्रत्येकापुढे एक सही. खाली छापलेलं आहे की वरील सर्व मला समजावून सांगण्यात आलं. नारळानंतर तो कागद वाचलेला एकही ग्राहक मी पाहिलेला नाही.

हा क्रम मी बसवला आहे. पूर्वी सह्या आधीच, टेबलावर बसून घ्यायचे. लोक चष्मा लावून वाचायचे, शंका विचारायचे, तास-दोन तास जायचे. कागद नारळानंतर घेऊ, असं मी मॅनेजरना सुचवलं. त्यांनी पाठ थोपटली. त्या वर्षी मला उत्तम कर्मचारी म्हणून काचेची ढाल मिळाली. कोपरीतल्या आमच्या घरात ती टीव्हीशेजारी ठेवलेली आहे. पाहुणे आले की बायको ती पुसते.

त्या कागदावरचा अकरावा मुद्दा मला पाठ आहे: जाहिरातीत दिलेली अश्वशक्ती ही दोन्ही मोटरींच्या स्वतंत्र कमाल क्षमतांची बेरीज असून प्रत्यक्ष मिळणारी शक्ती बॅटरीची स्थिती, तापमान इत्यादींवर अवलंबून राहील. वाक्य लांब आहे, अक्षर बारीक आहे. आईवडिलांनंतर ज्या माणसामुळे मी उभा राहिलो, तो माणूस मी या एका वाक्याच्या आडोशाने गमावला. ते कसं झालं, ते लिहितो.

मी मुरबाडच्या पुढच्या एका वस्तीतला. आईवडील वीटभट्टीवर काम करायचे. दहावीपर्यंत मुरबाडला शिकलो, पुढे कल्याणच्या कॉलेजात विज्ञान घेतलं. आमच्या वस्तीत तोवर कोणी पदवीपर्यंत गेलेलं नव्हतं, त्यामुळे पदवी म्हणजे नेमकं किती वर्षं, हेसुद्धा घरात कोणाला माहीत नव्हतं. वडील दर जूनला विचारायचे, "संपलं का रे?"

सकाळी कॉलेज आणि दुपारनंतर डोंबिवलीत मानपाड्याच्या बाजूला, औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये काम, असं तीन वर्षं चाललं. तिथे जळालेल्या मोटरी भरून मिळायच्या. मोटर भरणं म्हणजे आतली जळालेली तार काढून नवी तार मोजून गुंडाळायची, वार्निश करायचं, वाळवायचं आणि चालवून बघायचं. कारखान्यांच्या मोटरी यायच्या, पिठाच्या गिरण्यांच्या यायच्या, शहापूर-मुरबाडकडच्या शेतकऱ्यांचे पंप यायचे. मालकांना सगळे काका म्हणायचे. ते जुन्नरकडचे, आठवीपर्यंत शिकलेले. हात मात्र असा, की बंद मोटरीचा दांडा नुसता फिरवून आत काय बिघडलंय ते सांगायचे.

माझ्या पुस्तकांची त्यांना गंमत वाटायची. मी शक्तीचं सूत्र सांगितलं की चालू मोटरीच्या अंगावर माझा पंजा टेकवायचे आणि विचारायचे, "तुझ्या सूत्रात हा चटका कुठे लिहिलाय, दाखव." हसायचे. पण परीक्षा आली की पंधरा दिवस आधी मला दारातूनच परत पाठवायचे. "इथं दिसलास तर तंगडं तोडीन. जा, अभ्यास कर." त्या पंधरा दिवसांचा पगार पाकिटात जसाच्या तसा असायचा. विचारलं तर म्हणायचे, "तू अभ्यास करत होतास ना? काम म्हणजे दुसरं काय असतं?"

त्या वर्कशॉपची एक रीत होती. मोटर भरून झाली की ज्याने भरली त्याने तपकिरी कागदाची एक चिठ्ठी दोऱ्याने तिला बांधायची. चिठ्ठीवर एचपी किती, वेढे किती आणि खाली भरणाऱ्याची सही. दुकानाचं नाव नाही, काकांचं नाव नाही, ज्याने भरली त्याचं. मोटर वर्षभरात जळून परत आली तर काका ती चिठ्ठी सोडवून त्या माणसाच्या हातात द्यायचे. ओरडायचे नाहीत, पगार कापायचे नाहीत. त्याने ती मोटर रविवारी येऊन पुन्हा भरायची, एवढंच. दाराच्या मागे भिंतीत एक खिळा होता. काही जणांनी चिठ्ठी हातात आल्यावर काम सोडलं होतं, ते परत आलेच नव्हते. त्यांच्या चिठ्ठ्या त्या खिळ्याला लटकत होत्या. तीन होत्या. काका त्याला पळपुट्यांचा खिळा म्हणायचे.

माझीही एक मोटर जळून आली होती, कल्याणच्या एका गिरणीची, दोन एचपीची. काकांनी चिठ्ठी माझ्या तळहातावर ठेवली आणि आपल्या कामाला लागले. रविवारी मी एकटा जाऊन बसलो. वेढे मोजताना मी कुठे चुकलो होतो ते दुपारपर्यंत सापडलं. दीडच्या सुमारास काका आले ते वडापाव घेऊन. शेजारच्या स्टुलावर बसले, मी भरत असलेली तार बघत राहिले आणि म्हणाले, "आता ही तुझ्याआधी मरायची नाही."

अजून एक प्रसंग सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. एकदा एक व्यापारी टेम्पो भरून नव्या मोटरी घेऊन आला. मोटरी तीन एचपीच्या होत्या. त्याला त्यांच्यावर पाच एचपीच्या पत्र्याच्या पाट्या ठोकून हव्या होत्या.

"काका, सगळेच ठोकतात," तो म्हणाला.

"मग सगळ्यांकडे जा."

"अहो, देते की ही पाच! चालू करून बघा. पहिलं मिनिटभर पाचच्या वर देते."

"मिनिटभर मीसुद्धा पळतो," काका म्हणाले. "म्हणून कोणी मला घोडा म्हणतं का?"

आम्ही सगळे हसलो. व्यापारी गेल्यावर त्यांनी मला जवळ बोलावलं. तेव्हा ते हसत नव्हते. "हे बघ. मिनिटभर जे मिळतं ती उडी. दिवसभर, उन्हात, पाण्यात, मोटर जे न कुरकुरता देते ते पाटीवर लिहायचं. शेतकरी पाटी वाचून विहिरीत पंप सोडतो. त्याला उडी नको असते."

पदवी मिळाली तेव्हा वस्तीतल्या विहारात माझा सत्कार झाला. वडिलांनी नवा सदरा घातला होता. काका डोंबिवलीहून एसटीने आले, मागच्या सतरंजीवर बसले आणि कोणी पुढे बोलावलं तरी उठले नाहीत. दुसऱ्या दिवशी मी वर्कशॉपला गेलो तर म्हणाले, "आता इथं यायचं नाही. हात काळे करायला मी आहे. तू शिकलायस, शिकलेल्यासारखं काम बघ."

ते बघितलं, ते हे. आधी दुचाकीच्या शोरूममध्ये लागलो, मग ठाण्यात विजेच्या गाड्यांच्या या शोरूममध्ये. विज्ञानाचा पदवीधर म्हणून ग्राहकांना मोटर, बॅटरी समजावून सांगण्याचं काम मला मिळालं. मला ते आवडायचं. ज्या माणसांसमोर माझे वडील उभेही राहिले नसते, ती माणसं माझं बोलणं मान हलवत ऐकायची.

दोन वर्षांपूर्वी काका आणि काकू शोरूममध्ये आले. काकांची साठी उलटली होती, वर्कशॉप अजून चालू होतं. त्यांना गाडी घ्यायची होती आणि ती माझ्याकडूनच घ्यायची होती.

"आयुष्यभर लोकांच्या मोटरी भरल्या," काकू मला म्हणाल्या. "आता म्हणे मोटरीत बसून फिरायचंय. मी म्हटलं, बसा. निदान ही तरी जळून परत येऊ नये."

काका गाडीभोवती फिरले. खाली वाकून बघितलं. इंजिन नाही, दोन मोटरी, एक पुढे, एक मागे, याचं त्यांना लहान मुलासारखं कौतुक वाटत होतं. मग त्यांनी भिंतीवरचं पोस्टर बघितलं. तिथे पुरुषभर उंचीच्या अक्षरांत तीनशे हा आकडा होता आणि त्याच्या खांद्यावर डासाएवढी चांदणी.

"एचपी तीनशे?" त्यांनी विचारलं.

"हो काका."

"पाटीवरची की उडीची?"

मला उत्तर माहीत होतं. आमचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं होतं. पुढची मोटर एकटी चालवून मोजली तर एकशे दहा देते, मागची एकटी एकशे नव्वद. कंपनीने दोन्हींची बेरीज करून पोस्टरवर टाकली होती. दोन्हींना एकाच वेळी तेवढी वीज पुरवण्याची ताकद बॅटरीत नव्हती. दोन्ही मिळून दोनशे दहाच्या आसपास मिळायची, तीही काही सेकंद, तीही बॅटरी जवळजवळ भरलेली असताना. शिकवणाऱ्याने आम्हाला सांगितलं होतं, "कस्टमरने स्वतःहून विचारलं तर सांगा. नाही विचारलं तर पोस्टरला बोलू द्या."

काकांनी तर विचारलं होतं.

मी म्हणालो, "पाटीवरची, काका."

का म्हणालो, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलं आहे. महिनाअखेर होती आणि मॅनेजर काचेपलीकडून बघत होते, हे खरं. पण तेवढंच नाही. काका पहिल्यांदा मला असं विचारत होते जसं मी त्यांना विचारत आलो होतो. त्यांच्या माणसाने त्यांना सगळ्यात चांगली वस्तू द्यावी, असं मला वाटत होतं. ती तेवढी चांगली नाही, हे त्या क्षणी माझ्या तोंडातून निघेना. आणि असंही वाटलं की तीनशे काय, दोनशे काय, कळणार कोणाला?

काकांनी खिशातून तपकिरी कागदाचा तुकडा काढला. वर्कशॉपचाच कागद. "लिही मग. गाडी तू देतोयस, चिठ्ठी तुझी."

मी लिहिलं: पुढची ११०, मागची १९०, एकूण ३०० एचपी, सलग. खाली सही केली. काकांनी ती चिठ्ठी शर्टाच्या खिशात ठेवली आणि काकूंना म्हणाले, "झालं, चल."

ताब्यात देण्याच्या दिवशी नारळ फुटल्यावर मी कागद पुढे केला. काकांनी पेढा काकूंच्या हातात दिला आणि खिशातून चष्मा काढला. नारळानंतर वाचायला खिशातून चष्मा काढणारा तो पहिलाच ग्राहक. मी म्हणालो, "काका, नुसती औपचारिकता आहे. मी आहे ना."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, चष्मा परत घडी करून ठेवला आणि चौदा सह्या केल्या.

मे महिन्यात ते घरच्यांना घेऊन गावी निघाले. मुरबाडवरून माळशेज घाट चढायचा होता. गाडीत पाच माणसं, सामान, एसी चालू. चढावर एका ट्रकच्या पुढे जायला त्यांनी पाय दाबला आणि गाडी अपेक्षेएवढी उचलली नाही. दुसरा कोणी असता तर ट्रकमागून निवांत गेला असता. काकाही ट्रकमागूनच गेले, पण त्यांचं लक्ष समोरच्या पडद्यावर होतं. मोटरींना किती किलोवॅट मिळतात ते तिथे दिसतं. किलोवॅटचे एचपी त्यांनी मनातल्या मनात केले. हा हिशेब ते झोपेतही करू शकतात. गावाहून परतल्यावर ते गाडी घेऊन भिवंडीकडच्या एका गॅरेजात गेले. तिथे गाडी रोलरवर चढवून चाकांवरची शक्ती मोजतात. तीनदा मोजली. पहिल्यांदा दोनशे चार आली, दुसऱ्यांदा एकशे ऐंशी, तिसऱ्यांदा दीडशेच्याही खाली.

ते छापील कागद घेऊन शोरूमला आले तेव्हा मी तिथेच होतो. मॅनेजरनी त्यांना खुर्ची दिली, थंड पाणी दिलं.

"चाकापर्यंत येताना थोडं जातं, ते मला कळतं," काका म्हणाले. "तिसरा हिस्सा जात नाही. आणि प्रत्येक वेळी कमी कमी होत जात नाही."

"काका, ही मोटरची कपॅसिटी आहे, समजून घ्या. चांदणी बघा ना इथे, खाली लिहिलंय. आणि एवढी पॉवर वापरणार कुठे? घोडबंदरच्या ट्रॅफिकमध्ये?"

"नाही वापरणार. म्हणून खोटं लिहायचं?"

"सगळ्याच कंपन्या असंच लिहितात, काका."

काकांनी माझ्याकडे बघितलं. त्या टेम्पोवाल्या व्यापाऱ्याचंच वाक्य होतं ते. आम्हा दोघांनाच ते कळलं.

मॅनेजरनी विचारलं, "बरं, तुम्हाला हवंय काय? ॲक्सेसरीज देतो. एक सर्व्हिसिंग माफ करतो."

"मला फुकटचं काही नको. गाडी परत घ्या असंही म्हणत नाही, गाडी चांगली आहे. दिवसभर ती किती देते तो खरा आकडा कंपनीच्या कागदावर लिहून द्या. सहीशिक्क्यासकट."

"असं कसं लिहून देणार? उद्या सगळेच मागतील."

"मागू देत की."

तेव्हा ते उठता उठता जे म्हणाले, ते मला आधी ठाऊक नव्हतं. वसाहतीतल्या दोन कारखानदारांनी हीच गाडी घेतली होती, काकांना विचारून. मोटरीचं काहीही असलं की त्या वसाहतीत काकांना विचारतात. काकांनी त्यांना सांगितलं होतं, "तीनशेची आहे, सलग. आमच्या पोराने लिहून दिलंय." आता रोलरचे आकडे कानावर गेल्यावर ते दोघे चहाच्या टपरीवर त्यांना विचारत होते, "काय काका, घोडे कुठे गेले?" म्हणजे चाळीस वर्षांत ज्या माणसाने एक खोटी पाटी ठोकली नव्हती, त्याच्या तोंडून दोन माणसांना खोटी पाटी गेली होती. त्यांना ती उतरवायची होती. त्यासाठी त्यांना तो एक कागद हवा होता.

कंपनीने दिला नाही. काकांनी ठाण्यात ग्राहक आयोगाकडे तक्रार केली. वकील घेतला नाही. तक्रारीत मागणी एवढीच, की खरी शक्ती लेखी द्यावी.

महिन्याभराने मॅनेजरनी मला आत बोलावलं. कंपनीचे वकील बसले होते. समोर टाइप केलेलं शपथपत्र होतं, माझ्या नावाचं. त्यात होतं की सदर ग्राहकास खरेदीपूर्वी मी स्वतः जाहिरातीतील अश्वशक्तीचा अर्थ, ती सलग मिळत नाही हे, त्यांना समजेल अशा भाषेत समजावून सांगितलं. मी विज्ञान शाखेचा पदवीधर असून मला या विषयाचं ज्ञान आहे.

"ही ओळ महत्त्वाची आहे," वकील पदवीच्या ओळीवर पेन टेकवत म्हणाले. "तुमच्या शब्दाला वजन येतं."

"मी सांगितलं नव्हतं, सर," मी म्हणालो.

मॅनेजर म्हणाले, "अरे, अकराव्या मुद्द्यावर त्यांची सही आहे. म्हणजे सांगितलंच की. आणि समजा नाही सांगितलं, तर चूक कोणाची होते मग? कंपनीची का तुझी? विचार कर. पुढच्या महिन्यात ट्रेनरची पोस्ट भरायची आहे. तुझंच नाव दिलंय मी."

चिठ्ठीबद्दल मी बोललो नाही. बोललो असतो तर नोकरी त्याच दिवशी गेली असती. नोकरी गेली तर दुसरी मिळाली नसती असं नाही. पण तेव्हा मला फक्त वडील दिसत होते. शोरूमच्या नावाचा शर्ट घातलेला माझा फोटो ते वस्तीत मोबाइलवर दाखवत फिरायचे. त्यांना काय सांगणार होतो? मी स्वतःला असं समजावलं. आज लिहिताना कळतं की ज्यांनी काहीच केलं नव्हतं त्या वडिलांना मी पुढे उभं केलं होतं आणि त्यांच्या आड मी लपलो होतो.

कोर्टाच्या बाहेर छत्रीखाली टेबल टाकून बसलेल्या नोटरीने शिक्का उचलला आणि मान वर न करता विचारलं, "वाचलंय ना?"

"वाचलंय."

सुनावणीला मला वकिलांशेजारी बसवलं. काका समोर एकटे बसले होते, विहारात सत्काराला आले होते तसा पांढरा शर्ट घालून. मांडीवर प्लास्टिकची पारदर्शक फाइल. तिच्यात रोलरच्या चाचणीचे कागद होते, ब्रोशर होतं आणि सगळ्यात खाली तपकिरी कागदाचा तुकडा. मला माझं अक्षर एवढ्या लांबूनही ओळखू आलं. ती चिठ्ठी पुढे आली की माझं शपथपत्र खोटं ठरणार होतं, तेही माझ्याच सहीने.

काका नीट बोलले. एक मोटर एकटी चालवून मोजणं आणि दोन्ही एकत्र चालवणं यातला फरक त्यांनी दोन बादल्या आणि एका नळाचं उदाहरण देऊन सांगितला. दोन्ही बादल्या मोठ्या आहेत म्हणून नळाला पाणी जास्त येत नाही. अध्यक्षबाई लक्ष देऊन ऐकत होत्या. मग वकिलांनी चौदा सह्यांचा कागद आणि माझं शपथपत्र पुढे ठेवलं. बाईंनी ते वाचलं आणि काकांना विचारलं, "हे म्हणतात तुम्हाला समजावून सांगितलं होतं. तुमचं म्हणणं उलट आहे. तीनशे सलग मिळतील असं तुम्हाला कोणी सांगितलं? काही लेखी आहे तुमच्याकडे?"

काकांचा हात फाइलवर होता. त्यांनी फाइलकडे बघितलं, मग शपथपत्राकडे, मग माझ्याकडे. रागाने बघितलं असतं तर मला सोपं गेलं असतं.

"लेखी नाही," ते म्हणाले.

"तोंडी कोणी सांगितलं?"

"आठवत नाही बाई."

वीस वर्षांपूर्वी कुठल्या गिरणीच्या मोटरीला किती वेढे घातले, हे त्यांना आठवतं. भर आयोगात त्यांनी सांगितलं की आठवत नाही. मी जन्मात ऐकलेलं त्यांचं हे पहिलं खोटं आणि ते माझ्यासाठी होतं. जाणूनबुजून ठोकलेली त्यांची ती पहिली खोटी पाटी, आणि ती मी ठोकून घेतली.

तक्रार फेटाळली गेली. ग्राहकाने सही केली असल्याने त्याला अटी मान्य होत्या असं धरावं लागेल, असं आदेशात होतं. आदेश ज्या दिवशी मिळाला त्या दिवशी वकील बाहेर पडताना माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुमच्या शपथपत्राने काम सोपं झालं."

जिन्याजवळ काका थांबले होते. मी त्यांच्याजवळ गेलो, पाया पडायला वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले नाहीत आणि डोक्यावर हातही ठेवला नाही. मी उठल्यावर फाइल उघडली, चिठ्ठी काढली आणि माझ्या तळहातावर ठेवली. मग कठड्याला धरून हळूहळू जिना उतरले.

बाकी कोणाला ते नुसतं कागदाचा तुकडा परत देणं वाटलं असतं. त्या वर्कशॉपमध्ये काम केलेल्या माणसाला त्याचा एकच अर्थ होता. मोटर जळाली आहे. चिठ्ठी तुझी आहे. ये आणि पुन्हा भर.

भरता आली असती. वर अपील करायला दीड महिना होता. मी चिठ्ठी घेऊन काकांकडे गेलो असतो, माझं शपथपत्र खोटं आहे असं लिहून दिलं असतं, तर त्यांना अपील करता आलं असतं. मी चिठ्ठी पाकिटात ठेवली. पहिल्या आठवड्यात म्हटलं, रविवारी जाऊ. मग ट्रेनरची ऑर्डर आली. मग दसऱ्याच्या गाड्या होत्या, एकेका दिवसात सात-आठ नारळ फुटत होते. प्रत्येक वेळी कागद पुढे करताना अकराव्या मुद्द्यावर माझं बोट जायचं आणि मी ते सरकवायचो. ज्या दिवशी मुदत संपली त्या दिवशी मी एका कुटुंबाचा फोटो काढत होतो. मला तारीख माहीत होती. मी ती सकाळपासून मोजत होतो.

मुदत संपल्यानंतरच्या रविवारी मी डोंबिवलीला गेलो. खरं काय घडलं ते एका कागदावर लिहून, सही करून नेलं होतं. लिहायला मला अर्धा तासही लागला नव्हता.

वर्कशॉप उघडं होतं. बाहेर गाडी उभी होती. तिच्या पाठीवर चिकटवलेला तीनशेचा चकचकीत आकडा काढून टाकलेला होता, गोंदाचा मळकट डाग तेवढा राहिला होता. आत काका एकटेच स्टुलावर बसून वेढे मोजत होते. वेढे मोजताना त्यांच्याशी बोलायचं नसतं, म्हणून मी उभा राहिलो. मोजून झाल्यावर त्यांनी तारेला गाठ मारली आणि वर बघितलं.

मी माझा कागद पुढे केला. या वेळी त्यांनी चष्मा लावला आणि पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"छान लिहिलंय," ते म्हणाले. "मुदत कधी संपली?"

"गुरुवारी."

"आणि हे लिहिलंस कधी?"

"काल, काका."

त्यांनी कागदाची घडी घातली आणि मला परत दिली. "त्या दोघांना मी सांगून आलो. म्हटलं, माझ्याकडून चुकीचं सांगितलं गेलं. हसले. पुढच्या वेळी दुसऱ्या कोणाला विचारू म्हणाले." मग हात पुसत विचारलं, "चहा सांगू? तुम्हाला बिनसाखरेचा लागतो का आता?"

ते मला कधी तुम्ही म्हणाले नव्हते. मी नको म्हणालो. पाकिटातून चिठ्ठी काढून त्यांच्यापुढे धरली, पण त्यांनी ती घेतली नाही. ते पुन्हा मोटरीकडे वळले होते आणि पुढचा वेढा हातात घेतला होता.

मी निघालो. दाराशी आल्यावर मागे वळलो. खिळा तिथेच होता, तीन चिठ्ठ्या धुळीने एका रंगाच्या झालेल्या. मी माझी त्यांच्यावर अडकवली. मागे काकांचं मोजणं चालू होतं, एक, दोन, तीन, चार, हळू आवाजात. माझ्या हालचालीने ते क्षणभर थांबलं. वाटलं, काढ ते, म्हणतील.

मग त्यांनी पाच म्हटलं, आणि सहा.